क्रोमियमचा हट्ट

मुली मला पाठीमागे ॲसिडबाई म्हणतात. समोर नुसतं 'बाई'. ते नाव मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण त्यात खोटं काही नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि कॉलेजच्याच मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. ज्यांच्यावर दिवसा फळ्यापुढे ओरडते, त्यांच्यावरच संध्याकाळी नळ उघडा टाकला म्हणून ओरडते. घसा एकच आणि गिऱ्हाइकंही तीच, त्यामुळे मला दोन नोकऱ्या आहेत असं कधी वाटलंच नाही.

वसतिगृहाला तीन मजले आणि वर गच्ची. खालचे दोन मजले आणि तिसऱ्याची पुढची बाजू एका खोलीत दोघी अशी गच्च भरलेली. तिसऱ्या मजल्यावर मागच्या अंगाला ओळीने पाच अरुंद खोल्या आहेत, त्या ओळीला आम्ही 'मागली' म्हणतो. मागलीपुढे अरुंद उघडा सज्जा, त्यामुळे खालच्या अंगणातून पाचही दारं दिसतात. मागलीच्या टोकाला लोखंडी जिना, आणि जिना चढून गेलं की गच्चीवर एकुलती एक खोली. उंचावर असूनही ही गच्चीवरची खोली दर वर्षी मागलीच्या आधी भरते. तिथे वारा आहे, उजेड आहे, डोक्यावर कुणी खाट सरकवत नाही. मागली अंधारी, आणि तिची पाचवी खोली तर पंपाला चिकटलेली. पहाटे पंप सुरू झाला की खाटेचे पाय फरशीवर थरथरतात.

आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे, दाराची फेरी. वर्षातून एकदा संस्थेची समिती इमारत फिरते. प्रत्येक मुलीने आपापल्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहायचं आणि समिती मजला उतरेपर्यंत जागा सोडायची नाही. ज्या दारात कुणी नसेल त्या दाराला कुलूप लागतं. ज्या बाईंनी हे वसतिगृह बांधलं त्यांचा हेतू चांगला होता. कुलूप दिसलं की संस्थेला लाज वाटावी आणि तिने गरजू मुली शोधून आणाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. आमच्या सचिवांना लाज वाटण्याची सवय नाही. त्यांना कुलूप दिसलं की जागा दिसते.

त्यांच्या भाच्याला व्यायामशाळा काढायची होती. तिसऱ्या मजल्यावर, मुलींच्या वसतिगृहात, लोखंडी वजनं घेऊन! पण सचिव उघड बोलणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी आधी एक ठराव करून घेतला: मागलीचं पाणी आणि वीज एकाच जोडणीवर आहे, म्हणून तिथल्या एका दाराला जरी कुलूप लागलं तरी अख्खी मागली बंद करावी, आणि जिना मागलीतून जातो म्हणून गच्चीवरची खोलीही. मग दुरुस्तीचं निमित्त सांगून नवे प्रवेश थांबवले. मग नुसते वाट बघत बसले. आणि त्यांच्या नशिबाने पाचव्या खोलीतल्या मुलीला वर्षाच्या मध्येच नोकरी लागली. ती हसत गेली. 

आता हिशेब सरळ होता. वर दोघी, मागलीत चौघी, आणि पाचवी खोली रिकामी. खालच्या मजल्यांवरून त्या पंपाशेजारी यायला कुणी तयार नव्हती. वरच्या दोघींपैकी एक खाली उतरली तर पाचही दारं भरली असती आणि वरचं दारही राखलं गेलं असतं. नाही उतरली तर सहाही जणी रस्त्यावर. पण आमच्याकडे एकदा मिळालेली खोली वसतिगृह सोडेपर्यंत त्या मुलीची. रेक्टरसुद्धा तिला हलवू शकत नाही. आणि स्वतःहून जी हलली तिला परत जुन्या खोलीत जाता येत नाही. तेव्हा उतरायचं तर आपल्या मनाने, आणि कायमचं.

वर राहत होत्या घुबड आणि भिंगरी. ही नावं मी ठेवलेली नाहीत, पण ठेवणारीला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. घुबड रात्रभर वाचायची आणि पहाटे झोपायची. भिंगरीला पहाटे जाग यायची, मग ती गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारायची. एक झोपली की दुसरी उठायची. वर्षभर त्यांचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं मी ऐकलं नव्हतं, खिडकी उघडी ठेवावी की बंद इथपासून सगळ्यावर वाद. तरी दोघींचं बरं चाललं होतं. मला त्यात नवल वाटत नव्हतं, त्याचं कारण पुढे सांगते.

मी दोघींना वेगवेगळं बोलावून विचारलं. भिंगरी म्हणाली, त्या खोलीत ती आधी आली होती, उतरायचं तर मागून आलेलीने उतरावं. घुबड म्हणाली, भिंगरी पहाटे उठतेच, तिला पंपाचा काय त्रास, तिनेच जावं. दोघींचं म्हणणं आपापल्या परीने बिनतोड होतं आणि दोघी जागच्या हलत नव्हत्या. मला राग आला. माझ्या नाकावर तो असतोच, पण या वेळी त्याच्या मागे भीती होती, आणि ती घुबडसाठी होती.

घुबडचे वडील शिंपी. त्यांच्या थोरल्या भावाचं कापडाचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत मशीन टाकून ते शिवतात. घरात काका बोलतात आणि वडील टाके घालतात, असं घुबडनेच मला एकदा सांगितलं होतं, हसत, पण डोळे न हसता. तिला शिकायला पाठवताना काकांनी अट घातली होती: वसतिगृहात खोली आहे तोवर शिक. खोली गेली की परत ये आणि दुकानात गल्ल्यावर बस, बाहेर भाड्याच्या जागा शोधत फिरणं आपल्या घरात चालणार नाही. म्हणजे मागलीला कुलूप लागलं की बाकीच्या पाच जणींची गैरसोय होणार होती. घुबडचं शिक्षणच संपणार होतं. आणि हीच पोरगी पाय रोवून वर बसली होती.

फेरीच्या आधीच्या आठवड्यात वर्गात इलेक्ट्रॉनांची मांडणी आली.

हा भाग मी इमारतीवरूनच शिकवते, गेली कित्येक वर्षं. सांगते की अणू म्हणजे एक विचित्र इमारत समजा. सगळ्यात खाली, पहिल्या मजल्यावर एकच खोली. त्याच्या वरच्या मजल्यावर चार, एक आणि तीन अशा. त्याच्या वर नऊ, एक, तीन आणि पाच अशा. वर वर जावं तशी रुंद होत जाणारी ही इमारत, कुठलीही नगरपालिका हिला परवानगी देणार नाही. मजले म्हणजे ऊर्जापातळ्या आणि खोल्या म्हणजे ऑर्बिटल. मग लगेच बजावते की खोलीला भिंती नाहीत. इलेक्ट्रॉन जिथे सापडायची शक्यता जास्त, तेवढ्या प्रदेशाला आपण खोली म्हणायचं. तो आत नेमका कुठे बसलाय हे विचारायचं नाही, कारण ते त्यालाही सांगता येणार नाही.

मग नियम. खोली कमी ऊर्जेची असेल तर ती आधी भरते. एका खोलीत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन, आणि तेही दोघांची फिरकी उलटसुलट असेल तरच. एक या दिशेचा तर दुसरा त्या दिशेचा. हे खरं फिरणं नव्हे, पण बोलायला तोच शब्द सोयीचा. एकसारखे दोघे एका खोलीत मावतच नाहीत. घुबड आणि भिंगरी एका खोलीत वर्षभर का नांदल्या, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल. आणि सारख्या ऊर्जेच्या खोल्या ओळीने असतील तर आधी प्रत्येकीत एकेक जण जातो. सगळ्या खोल्यांत एकेक झाल्यावरच जोड्या लागतात. इलेक्ट्रॉनांनाही दुसऱ्याच्या खोलीत घुसायचं जिवावरच येतं.

मग मी तिसऱ्या मजल्यावरच्या पाच खोल्यांकडे येते, थ्री-डी. आणि चौथ्या मजल्यावरच्या पहिल्या खोलीकडे, फोर-एस. चौथा मजला वर असूनही फोर-एसची ऊर्जा थ्री-डीपेक्षा थोडी कमी पडते, म्हणून ती आधी भरते. इथे दर वर्षी वर्ग हसतो. आमच्या गच्चीवरच्या खोलीचं कौतुक रसायनशास्त्रानेसुद्धा करावं, याची मुलींना गंमत वाटते.

त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. सहाही जणी वर्गात होत्या आणि मी फळ्यावर क्रोमियम लिहिलं होतं.

क्रोमियमला चोवीस इलेक्ट्रॉन. खालच्या खोल्यांत अठरा जण दोघे-दोघे बसले की उरतात सहा. नियमाने दोघे गच्चीवर, चौघे मागलीत, पाचवी खोली रिकामी. फळ्यावर मी तसं लिहिलं आणि मग पुसलं. प्रत्यक्षात क्रोमियम असं करत नाही, मी म्हटलं. गच्चीवरचा एक खाली येतो. वर एक, खाली पाच खोल्यांत पाच, आणि सहाही जणांची फिरकी एकाच दिशेची. पाचही खोल्या अर्ध्या भरलेल्या, पण सारख्या भरलेल्या, आणि तशाच त्या अणूला स्वस्थ वाटतात.

घुबडने हात वर केला नाही. ती उभीच राहिली.

"बाई, हे नियमात बसत नाही."

मी म्हटलं, नियम ढोबळ आहे. फोर-एस आणि थ्री-डीच्या ऊर्जेत फरक जेमतेम आहे. वर दोघांना एका खोलीत दाटीने राहायला जी किंमत मोजावी लागते ती वाचली आणि खाली पाच जण एका दिशेने उभे राहिल्याचा फायदा मिळाला, की तो फरक भरून निघतो. तांब्याचंही असंच आहे.

"उतरणाऱ्याला काय मिळतं?"

"त्याला एकट्याला काही नाही. अख्ख्या अणूची ऊर्जा कमी होते."

 भिंगरी वहीत डोकं खुपसून बसली होती. घुबड माझ्याकडे बघत होती, आणि मला कळलं की आता ही मला सोडत नाही.

"तुम्ही हे आज आम्हाला शिकवताय," ती म्हणाली, "की मला खाली ढकलताय?"

क्रोमियम अभ्यासक्रमात होतं, त्याच आठवड्यात येणार होतं, हे सगळं मला सांगता आलं असतं. पण फळ्याकडे वळताना माझ्या डोक्यात काय होतं ते तिने बरोबर ओळखलं होतं, आणि पकडले गेल्यावर कारणं देणारी माणसं मला आवडत नाहीत. मी खडू खाली ठेवला.

"दोन्ही," मी म्हटलं. "पण एक फरक लक्षात ठेव. इलेक्ट्रॉनला मन नसतं, त्याला कुणी विचारत नाही. तुला मी विचारते आहे."

"मग माझं उत्तर नाही असं आहे."

ती खाली बसली. मी तांब्याची मांडणी लिहायला घेतली आणि चुकले. आयुष्यात पहिल्यांदा चुकले, आणि ती चूक कुणी दाखवूनही दिली नाही. तास संपल्यावर मी प्रयोगशाळेत जाऊन विनाकारण परीक्षानळ्या धुतल्या. तिचा राग आला होता, खूप आला होता, आणि त्यातच कुठेतरी तिचा अभिमानही वाटत होता, त्याने राग आणखीच वाढत होता. ज्या मुलीला मी गल्ल्यावर बसू देणार नव्हते ती नेमकी अशीच मुलगी होती, आणि अशीच होती म्हणून ती माझंही ऐकणार नव्हती.

पुढे जे झालं ते सचिवांच्या घाईमुळे झालं. फेरी व्हायच्या आधीच त्यांनी घुबडच्या काकांना फोन करून कळवलं की तुमच्या मुलीची खोली बंद होते आहे, फेरीच्या दिवशी या आणि घेऊन जा. बाकी कुणाच्या घरी त्यांनी फोन केला नव्हता. घुबडचे काका येऊन तिला घेऊन गेले की बाकीच्यांचा धीर सुटेल, असा त्यांचा होरा असावा. काकांनी घुबडला फोन केला, सामान बांध म्हणाले, आणि ठेवून दिला.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"मला कुणी विचारलंसुद्धा नाही, बाई," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "त्यांनी ठरवलं, काकांनी ठरवलं, बांधाबांधसुद्धा सांगितली. तुम्ही निदान विचारलं होतं."

मी उठून दाराशी गेले. 

"उतरले की परत वर जाता येणार नाही ना?"

"नाही."

"चालेल."

भिंगरीने तिची गादी जिन्यावरून खाली आणली, आणि आणताना अखंड भांडत होती. हा पंप तुला झोपू देणार नाही, तुला कळत नाही, मी उतरले असते, मला विचारलं असतंस तर. घुबड पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून पुढे चालत होती आणि तू उतरली नसतीस, तू नुसती बोलतेस, असं म्हणत होती. दोघींनी मिळून पाचव्या खोलीतली खाट भिंतीपासून ओढून घेतली, जाळी झाडली, दोरी बांधली. भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी जाताना बघितलं तर भिंगरी तिचा दिवा लावून देत होती आणि उजेड कुठल्या बाजूने हवा यावर दोघींची पुन्हा जुंपली होती.

फेरीच्या दिवशी सचिव आले ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन. बरोबर मान डोलावणारे दोन सभासद. कार्यालयात काका आधीच येऊन बसले होते, अंगाने भरलेले, इस्त्रीच्या घड्या न मोडता बसणारे गृहस्थ. त्यांच्या शेजारी घुबडचे वडील, बोटांनी आपल्याच सदऱ्याची शिवण चाचपत. सचिव त्यांनाही फेरीला घेऊन निघाले. पालक आहेत, बघू द्या, म्हणाले. त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा खुलला होता.

खालचे मजले झाले. प्रत्येक दारात दोघी उभ्या होत्या, सचिव न बघताच पुढे जात होते. तिसऱ्या मजल्यावर मागलीत वळल्यावर मात्र त्यांची चाल सावकाश झाली. पहिलं दार, एक मुलगी. दुसरं, तिसरं, चौथं, एकेक मुलगी. त्यांनी जुडग्यातून एक किल्ली निवडून वेगळी धरली आणि पाचव्या दाराशी थांबले.

दारात घुबड उभी होती. उंबऱ्यावर दोन्ही पाय, दोन्ही हात चौकटीला.

सचिवांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ही गच्चीवरची आहे, हिचं दार वर आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आत डोकवा. गादी, पुस्तकं, दोरीवरचे कपडे. जिचं सामान तिची खोली. त्यांनी एका सभासदाला वर पाठवलं. तो धापा टाकत परत आला आणि वर दारात एक मुलगी उभी आहे, तिने मलाच दोन शब्द सुनावले, असं सांगू लागला. हे कुठल्या नियमात बसतं, सचिवांनी मला विचारलं. आणि इथे माझं डोकं फिरलं. मी त्यांना क्रोमियम सांगितलं. चोवीस इलेक्ट्रॉन, गच्चीवरचा एक खाली, पाच खोल्यांत पाच, सहाही एकाच दिशेचे, आणि म्हणून तो धातू इतका कठीण की त्याच्यावर ओरखडा काढता काढता इतर धातूंची दमछाक होते. हे सगळं मी एका दमात सांगितलं. सचिव, दोन्ही सभासद आणि काका, सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की जणू मला ताप चढला आहे आणि कुणीतरी आता औषध आणावं. त्या भाषणाने कुणाचंही मन पालटलं नाही. मला मात्र बरं वाटलं.

सचिवांना अजून एक वाट सुचली. ते काकांकडे वळले आणि मऊ आवाजात म्हणाले की मुलगी तुमची आहे, तिला जरा बाहेर बोलवा, चार शब्द बोला, आम्ही थांबतो.  पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं की दार रिकामं. त्या हातातल्या किल्लीला तेवढंच हवं होतं.

"बाहेर ये," काका म्हणाले.

"काका, तुम्ही आत या," घुबड म्हणाली. "खाट आहे बसायला."

"मोठ्या माणसांशी दारात उभं राहून बोलतात? बाहेर ये म्हणतो मी."

"फेरी संपेपर्यंत मला हलता येत नाही."

काका आणखी पुढे गेले. त्यांचा आवाज वाढला नाही, उलट खाली आला, आणि तो जास्त वाईट होता. तुला कुणी खायला घालतं, तुझ्या वह्या कुणाच्या दुकानाच्या पैशातून येतात, एवढी वर्षं आम्ही काय केलं, हे सगळं त्यांनी तिच्या तोंडावर मोजून दाखवलं. मागलीतल्या चारही मुली आपापल्या दारातून ऐकत होत्या आणि एकही हलू शकत नव्हती. मलाही काही करता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला तिने चौकटीवरचा हात काढला नाही.

"केलंत, काका," ती म्हणाली. "मी विसरणार नाही. पण मी येणार नाही."

"बाप उभा आहे तुझा इथे. त्याला तरी विचार."

सगळे वडिलांकडे वळले. मला वाटलं की आता संपलं. या माणसाने आयुष्यात भावाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं नसणार, आणि बापाने ये म्हटलं तर ही पोरगी येईल, तेवढं मला दिसत होतं. घुबडलाही दिसत होतं. तिने पहिल्यांदा नजर खाली केली.

वडिलांनी सदऱ्याची शिवण सोडली. मग पुढे आले. ती दारातून बाजूला होत नव्हती, म्हणून ते वाकले आणि तिच्या हाताखालून आत शिरले. खाटेवर बसले. गादीची मोकळी झालेली शिवण त्यांच्या हाताला लागली असावी, कारण तिथे बोट फिरवत राहिले.

"दादा, तुम्ही व्हा पुढे," ते आतूनच म्हणाले. "मी बसतो जरा लेकीच्या खोलीत."

काकांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली.  ते वळले आणि चालू लागले, आणि चालताना त्यांची टाच प्रत्येक पावलाला फरशीवर वाजत होती. सचिवांनी हातातली किल्ली परत जुडग्यात सरकवली. ते आता भाच्याला काय सांगणार हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारायलाही गेले नाही. उद्या माझ्या नावाने एखादं पत्र निघेल, एवढं मात्र त्यांच्या बघण्यावरून कळलं. निघू दे. दोन्ही सभासद सवयीप्रमाणे मान डोलावत त्यांच्या मागे जिना उतरले.

समिती उतरली, फेरी संपली. पहिल्या चार दारांतल्या मुली बाहेर येऊन एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वर भिंगरी गच्चीच्या कठड्यावरून ओरडून काय झालं, काय झालं, असं विचारत होती. मी पाचव्या दाराशी गेले. घुबड अजून तशीच उभी होती, दोन्ही पाय उंबऱ्यावर, हात चौकटीला, आणि तिच्या मागे खाटेवर तिचे वडील डोळे पुसत होते.

"झालं सगळं," मी म्हटलं. "आता ये बाहेर."

तिने मान हलवली.

"मला राहू द्या, बाई," ती म्हणाली. "काका खाली पोचले की एकदा वर बघतील. मी दिसायला हवी."